भुजंगचे तास

लाईट गेली ते बरंच झालं. मोबाईल खिशात घाला पोरांनो, आणि पिंट्या, तू दाराकडं पाठ करून बसू नको. का ते गोष्टीत कळंल.

ही गोष्ट आपल्या रेवणसिद्धाची. चाकुरात जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापार करणारा, तोच. दोन हजार सोळा सालची फाल्गुनातली अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. त्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि हा बहाद्दर नांदेडला निघाला बोट विकत घ्यायला. हसा, हसा. बायकोही हसली होती. पण रेवणसिद्धाचं डोकं व्यापाऱ्याचं. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, आणि तिथल्या किशनरावाला जिल्ह्याच्या गावाला शोभेल असं बोटिंगचं तळं काढायचं होतं. तळ्यात अजून थेंब नव्हता. त्याला बोट मात्र आधी पाहिजे होती.

बोट विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला, भेगाळलेल्या चिखलात कलती पडली होती. भुजंग नावाचा नावाडी तिच्यातनं माणसं या काठावरनं त्या काठाला न्यायचा. तीन वर्षांमागं धरण भरलेलं असताना तो वादळात सापडला. बोट सापडली, भुजंग सापडला नाही. आता त्याची बायको सिंधुबाई ती विकायला निघाली होती.

रेवणसिद्धानं ट्रॅक्टर बघायची सगळी रीत बोटीला लावली. इंजिनाचं तेल दोन बोटांत चोळून वास घेतला. पाणी कापणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरनं नख फिरवलं. मग सुकाणूचा लाकडी दांडा हातात धरला. उजव्या मुठीनं वर्षानुवर्षं धरून तिथं खोल खळगा पडला होता, अंगठ्याची जागासुद्धा उमटलेली. त्यानं मनात हिशेब केला : तीन हजार तासांच्या वर चाललीय. मग इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरवरची धूळ पुसली. तीन हजार एकशे चाळीस! उभ्या जन्मात त्यानं खरं बोलणारं मीटर पहिल्यांदा बघितलं.

"आप्पा, एक सांगू का?" सिंधुबाई म्हणाली. "हे मीटर मागं फिरवू नका. लोकं फिरवतेत, मला ठाव हाय."

"मीटरचं काय एवढं, वैनी?"

"माणूस तर घावला न्हाई. त्यांचे एवढे तासच राहिलेत. ते पुसू नका."

रेवणसिद्धानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "लिंगाची आण. एक तासही इकडचा तिकडं व्हायचा न्हाई."

बाईनं मान हलवली. बस्स.

पाडव्याला बोट दारात पाहिजे, पूजा करायची, म्हणून संध्याकाळीच ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोरांनी बांधली. पुढं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर चंद्रप्पा. मागं ट्रॉलीवर बोट, आणि बोटीत एखाद्या संस्थानिकासारखा रेवणसिद्ध. लोह्यात टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या बाया ओरडल्या, "अवो आप्पा, जरा थांबा की! पूर यायला टाइम हाय!"

"तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो!" रेवणसिद्ध म्हणाला. सगळा रस्ता हसला.

माळाकोळी मागं पडली. गावं संपली, माळ सुरू झाला. चंद्रप्पाची गाणी आणि ट्रॅक्टरचा आवाज, बाकी काही नाही. रेवणसिद्धानं पेचकस काढला.

तुम्ही म्हणाल, आण घेतली होती ना? घेतली होती. पण रस्ता मोकळा होता, हात रिकामा होता आणि किशनरावाला कमी चाललेली बोट पाहिजे होती. त्यानं मीटरची काच उघडली. आकडे एकेक करून मागं सारले. सहाशे चाळीस. मग कानस घेऊन तो दांडा घासायला बसला. मीटर सहाशे म्हणतंय आणि दांडा तीन हजार, असं कसं चालेल? घासता घासता भुजंगची मूठ गेली. अंगठा गेला. दांडा नव्यासारखा सपाट.

भुसा झटकावा म्हणून त्यानं दांड्यावर हात ठेवला. डावा हात. रेवणसिद्ध जन्माचा डावखुरा.

हात निघेना.

आधी त्याला वाटलं, मुंग्या आल्या. उजव्या हातानं बोटं उचकटून बघितली. बोटं दांड्याची झाली होती. तेवढ्यात चंद्रप्पाचं गाणं बंद पडलं. ट्रॅक्टरचा आवाजही गेला... आणि बोटीच्या तळाला काहीतरी लागलं.

चुबुक.

पुन्हा. चुबुक... चुबुक...

त्यानं बाहेर बघितलं. रस्ता नव्हता. ट्रॅक्टर नव्हता. चारी बाजूंनी काळं पाणी.

"चंद्रप्पा!"

...

"ए चंद्रप्पा! थांबव रे!"

आवाज पाण्यावरनं गेला. परत आला नाही.

मग इंजिन सुरू झालं. टाकीत डिझेल नव्हतं. त्यानं स्वतः काढून घेतलं होतं.

बोट काठाला लागली. काठ दिसत नव्हता, पण बोट एका अंगानं कलली. कुणीतरी चढलं. फळी करकरली. आणखी एक. आणखी एक. तोंडं दिसेनात. नुसतं वजन. ओल्या कपड्यांचा वास. बोट निघाली. पलीकडं लागली. वजन उतरलं. दुसरं चढलं. बोट परत निघाली.

मीटर सरकलं. सहाशे एक्केचाळीस.

या काठाला. त्या काठाला. पुन्हा या काठाला. उजाडेना. तहान लागली, चोहीकडं पाणी, आणि हात पोचेना. पाठ मोडली. तळहात सोलला, भरला, पुन्हा सोलला. उजव्या हातानं त्यानं गळ्यातलं लिंग धरलं. नाव घ्यायला तोंड उघडलं...

ज्याच्यावर हात ठेवून खोटं बोलला, त्याचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं?

तोंड मिटलं.

हजार. दीड हजार. रडणं संपलं. बायकोचा चेहरा आठवेना. दोन हजार. स्वतःचं गाव कोणतं, तेही आठवेना. फक्त हा काठ. तो काठ.

मग एकदा सगळी वजनं उतरली. एकच चढलं. मागं, त्याच्या पाठीशी बसलं. गार श्वास मानेवर.

"सरका आप्पा. पुढची खेप माझी."

मीटर टक्कन वाजलं. तीन हजार एकशे चाळीस.

"...आप्पा! ओ आप्पा! अहमदपूर आलं, च्या घेता का न्हाई?"

ट्रॉलीखाली चंद्रप्पा उभा. हॉटेलाचा पिवळा दिवा. कोरडा रस्ता. रेवणसिद्धानं त्याच्याकडं बघितलं, पण ओळख पटायला वेळ लागला.

"किती... किती वर्षं झाली रं?"

"कशाला? माळाकोळी सोडून दीड तासही न्हाई झाला. डुलकी लागली वाटतं."

दांड्यावरचा हात सहज सुटला, तसा रेवणसिद्ध खाली उतरला. अहमदपुरातला अख्खा माठ पाणी प्याला. किशनरावाला त्यानं बोट दिली नाही. परत नेऊन द्यावी म्हटलं, तर ट्रॉलीवर चढायची हिंमत होईना. आवारात कडुनिंबाखाली ती अजून तशीच पडलीय. मेकॅनिकनं इंजिन उघडून बघितलं, आत कोळ्यांची जाळी. आतापर्यंत सात जणांनी ती मागितली. मीटर खरंय का, असं विचारलं की तो नुसता दांड्याकडं बोट करतो.

उद्या जाऊन बघा. भुजंगच्या उजव्या मुठीचा खळगा जसाच्या तसा परत आलाय. आणि त्याच्या शेजारी दुसरा आहे. तेवढाच खोल, तेवढाच गुळगुळीत, अंगठ्याच्या जागेसकट.

तो डाव्या हाताचा आहे.