रिकाम्या पिंजऱ्याची नोंद

"वजन चौतीस ग्रॅम, विष्ठा स्वच्छ, पिसं झकास. सर, तुमच्या वाटाण्याला काहीही झालेलं नाही," पक्षिवैद्य रेहाना मुजावर म्हणाल्या.

प्रयोगशाळेच्या टेबलावर वाटाणा हा चिमुकला हिरवा बजी पोपट मजेत राळ्याचे दाणे सोलत होता. डॉ. उल्हास सबनीसांना ते पटेना.

"बजी आजार लपवतो. थव्यात जो मलूल दिसतो, त्यालाच ससाणा उचलतो. म्हणून तर मी वेदनादर्शक बनवला. दुखणाऱ्या शरीराच्या श्वासात एक रेणू उतरतो, तो लपत नाही. हातभर अंतरावरूनही यंत्र तो टिपतं. घरी पिंजऱ्यावरच्या यंत्राचा काटा रोज दहापैकी आठावर जातो."

"इथे तर शून्यावर आहे. हा रेणू फक्त पक्ष्यांचाच?"

"कुठल्याही प्राण्याचा. पण माणसांना यंत्र कशाला? माणूस तोंडाने सांगतो."

"मग कारण लवकर शोधा. बजी दांडी सोडून तळाशी बसला, की त्याच्यात लपवायचीही ताकद उरलेली नसते. तेव्हा आमच्याही हातात काही नसतं."

दोष घराचाच, हे सबनीसांनी कधीच ठरवून टाकलं होतं. धुराने बजी मरतो म्हणून नॉनस्टिक तवा फेकला. उदबत्ती बंद केली. पत्नी शालन पाठीला मलम चोळायची, त्याच्या उग्र वासाचा पाखराला त्रास नको म्हणून तेही बंद. "एवढंसं पाखरू, तेही तुला धड सांभाळता येत नाही!" असं वर सुनावलंही. शालन नुसती "बरं" म्हणाली. मलम थांबलं आणि काटा सहावरून आठावर गेला. पाखरांचं दुखणं ओळखायला निघालेल्या या विद्वानाला तेव्हाही काही सुचलं नाही, याचाच राग येतो.

वाटाणा आठवडाभर प्रयोगशाळेत राहिला. तिथल्या यंत्राचा काटा हलला नाही. आठव्या दिवशी सबनीसांनी सहज घरच्या यंत्राची नोंद पडद्यावर उघडली. ते बंद करायचं राहूनच गेलं होतं.

पिंजरा रिकामा, तरी रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला काटा उसळत होता. आठ. नऊ. काल दहा.

सात आणि सहा. शालनची पिंजरा पुसायची वेळ. वाटाणा कधीही परत येईल, म्हणून ती रिकामा पिंजराही दोन्ही वेळा पुसत होती.

सबनीस ताडकन उठले. त्यांनी फोन केला नाही. फोनवर ती "मी बरी आहे" असंच म्हणाली असती. ते तसेच गाडीकडे धावले.

शालन पिंजऱ्याखाली फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. हातात ओलं फडकं होतं. वर काटा दहावर अडकला होता.

"शालन, काय होतंय तुला?"

तीस वर्षांत या प्रश्नाला तिने "काही नाही हो" याखेरीज उत्तर दिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "खूप दुखतंय."