भोंगा

मोबाईलची बत्ती विझवा आणि नीट बसा. फिआ, घाबरलीस तर आत सरक, मला मध्येच थांबवू नकोस. हे माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या, तानिएलूच्या घरी घडलंय.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, गुरुवार. तानिएलू अळूच्या कंदांची पोती धक्क्यावर उतरवून घरी परतत होता. शेजारी त्याची सात वर्षांची मुलगी मेले, हातात बिस्किटांचा पुडा. सूर्य बुडता बुडता पिकअप जुन्या गावात शिरली. मोठी लाट येऊन गेल्यापासून तिथे कुणी राहत नाही. माणसं वर डोंगरात गेली; खाली उरले घरांचे चौथरे आणि दारापुढची थडगी.

तेवढ्यात प्रार्थनेचा शंख वाजला.

आपल्या बेटावर संध्याकाळी शंख झाला की प्रार्थना संपेपर्यंत ज्या गावात असू तिथंच थांबायचं, नाहीतर गाव दंड करतं, हे तुम्हाला मी काय सांगू. मेले म्हणाली, "बाबा, गाडी थांबव ना."

"कुणासाठी? दगडांसाठी?" तानिएलू हसला. पहिल्यापासूनच दीडशहाणा तो. "तू भोंगा वाजव. बघू कोण दंड मागायला येतंय."

पोरीने दोनदा वाजवला, आणि दोघं हसत घरी आली.

नऊ वाजता तिला ताप भरला. अकरापर्यंत तिचं बोलणं बंद झालं. नुसती दाराकडे बघत पडून राहिली. गावातली परिचारिका येऊन म्हणाली, सकाळच्या बोटीने मोठ्या इस्पितळात न्या. पण तोंडावरून दिसत होतं, तिला सकाळचीच खात्री नव्हती. तानिएलूच्या आईने मुलाकडे पाहिलं.

"कुठल्या गावात थांबला नाहीस?"

त्याने सगळं सांगितलं.

"माझ्या मरणासाठी ठेवलेली चटई काढ आणि जा. माफी माग."

"आई, तिथं चिटपाखरू नाही. माफी मागू कुणापुढे?"

"भोंगा वाजवताना विचारलं होतंस, कुणापुढे वाजवतोय?"

त्याने चटई काढली. माफीची रीत ठरलेली. ज्याचा अपमान केला त्याच्या दारापुढे, पहाटे, चटई डोक्यावरून पांघरून गुडघ्यांवर बसायचं. त्या घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर दगड पडतात, आणि आपण पळायचं नसतं.

चार वाजता तानिएलू मधल्या चौथऱ्यापुढे, समुद्राने आणून टाकलेल्या पोवळ्याच्या ओल्या खड्यांवर जाऊन बसला. एकटा. चटईखाली मिट्ट काळोख. समुद्र ऐकू येत होता.

मग तोही ऐकू येईना.

पावलं आली. एकाची. मग पुष्कळांची. समोर येऊन थांबली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

 चटई कुणी उचलली नाही.

"माझं काय करायचं ते करा. पण पोरीला सोडा…"



मग चटईची कड हलली. समोरची नव्हे. डावीकडची. कुणीतरी आत शिरलं… त्याला खेटून गुडघे टेकून बसलं. लहानसं. श्वास गरम. एका लहान मुठीने त्याचा अंगठा धरला. मूठ तापाने भाजत होती.

त्याला मान वळवता आली नाही.

कितीतरी वेळ दोघं तशीच बसली… आणि मग चटई उचलली गेली.

फटफटलं होतं. समोर कुणी नव्हतं. शेजारी कुणी नव्हतं. चटईही नव्हती.

तो गाडी भरधाव हाकत घरी आला. त्याची बायको आकेनेसे पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजलेले, पण हसत होती. "उतरला रे ताप. मघाशी पाचच्या सुमाराला उतरला."

"ती उठली होती?"

"कुठली उठते? रात्रभर इथेच आहे. हललीसुद्धा नाही."

तानिएलूने पांघरूण बाजूला केलं. मेलेच्या दोन्ही गुडघ्यांत पोवळ्याचे बारीक खडे रुतले होते. ओले.

आकेनेसेने ते पाहिले, आणि पोरीच्या डोक्याखालून मांडी हळूच काढून घेतली.