बाटलीच्या तळाचा गाळ

सोप्यात अप्पांचं शव बसतं करून, विभूती लावून ठेवलं होतं. त्यांची विधवा सून दानेश्वरी मागच्या खोलीत कोंडलेली होती.

तिची धाकटी बहीण शांभवी कोल्हापूरहून जयसिंगपूरला धावत आली. ती जीवरसायनशास्त्र शिकलेली. दाराला बाहेरून कडी, पुढं फौजदार सयाजी. माती झाली की दानेश्वरीला ते चौकीवर नेणार होते.

अप्पांना सतत तहान-लघवीचा जुना आजार. सकाळी दानेश्वरीनं त्यांना नेहमीचं इंजेक्शन दिलं. लगेच ते पांढरेफटक पडले, छाती धरली आणि गेले. तिनं विष टोचलं, असं थोरला मुलगा चन्नवीर सांगत होता. अप्पांनी औषधाचं दुकान मृत्युपत्रात तिला दिलं होतं. सयाजींना तेवढं कारण पुरत होतं.

खिडकीच्या गजांतून दानेश्वरी कुजबुजली, "रोज चन्नवीर भाऊजीच द्यायचे. आज मला म्हणाले, बाटलीतलं शेवटचं हाय, गरम पाण्यात धर, चांगली हलवून दे."

मोलकरीण बयाबाई डोळे पुसत सांगत होती, ही बाटली काढल्यापासनं अप्पांना तांब्याभर पाणीबी पुरत नव्हतं.

शांभवीनं सकाळची सिरिंज उजेडात धरली. आत तपकिरी गाळ चिकटला होता.

"अण्णा, तुम्ही रोज बाटली हलवत होता?"

"व्हय की. दुकानात बसतो मी, गवत कापत न्हाय," चन्नवीर गुरकावला.

"मग अप्पांची तहान का भागत नव्हती?"

शांभवी सयाजींकडं वळली.

"फौजदारसाहेब, हे विष नव्हे, औषधच आहे. व्हॅसोप्रेसिन. चिमुकलं पेप्टाइड, प्रथिनाचा तुकडाच म्हणा. थोडं दिलं की मूत्रपिंडं पाणी राखतात, तहान शमते. फार झालं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्यासुद्धा. बाटलीत ते तेलात मिसळलेलं असतं, पण तळाशी बसतं. अण्णांनी न हलवता नुसतं वरचं तेल टोचलं. अप्पा तहानलेले राहिले आणि सगळं औषध शेवटच्या डोसात साठलं. तो डोस अक्काच्या हातून दिला. खुनी सुनेला दुकान मिळत नसतं, ते मुलालाच जातं."

"हलवायचं असतंय, हे मला काय म्हाईत?"

सयाजी शांतपणे म्हणाले, "आत्ता तर म्हणालात, रोज हलवत होतो. आज माती न्हाय. आधी शवाची तपासणी."

त्यांनी कडी काढली. दानेश्वरी बाहेर आली. चन्नवीर दाराकडं सरकला, पण उंबऱ्यात बयाबाई उभी होती. तिच्या हातात अप्पांचा रिकामा तांब्या होता.