सात वर्षांच्या पोराचा पाय

आर्गिरोला वाटलं होतं, ती गावात पोचली की लोक आपणहून जुन्या पेट्या उघडतील.

स्कॉटलंडमध्ये चार वर्षं ती एकच विद्या शिकली होती. जुन्या फोटोंवरून जर्मन विमानांतून पडलेला बॉम्ब कुठल्या जातीचा, किती वजनाचा, हे ओळखायचं. एक्केचाळीसच्या मे महिन्यात आपल्या क्रीट बेटावर जे पडले त्यातले किती फुटले नाहीत, किती अजून शेताखाली, अंगणाखाली निजलेत, याचा गावोगाव नकाशा करायचा, हे तिचं स्वप्न. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत फोटो हातात देतील, पुरुष पुढं होऊन जागा दाखवतील, असं चित्र घेऊन पोर आजोळी आली.

आणि झालं काय? लोकांनी तिला घरची द्राक्षाची रकी पाजली. लग्नांचे अल्बम दाखवले. तुझं कधी, म्हणून विचारलं. बॉम्बचं नाव काढलं की सगळे चर्चच्या घंटेकडे बोट करायचे. या गावाची, पेरा पिगाडीची, घंटा म्हणजे बॉम्बचंच रिकामं टरफल. खालचा भाग कापलेला, आत लोलक टांगलेला.

"हा घे तुझा बॉम्ब. ऐंशी वर्षं बडवतोय, अजून फुटला नाही."

त्यात महिन्यापूर्वी शेजारच्या गावात तिनं लष्कराला बोलावलं होतं. दोन दिवस रस्ता बंद, शेळ्या कोंडलेल्या, आणि शेवटी जमिनीतून निघाली पाण्याची जुनी टाकी. तेव्हापासून तिचं नाव पडलं टाकीबाई.

आता हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिचा मामा थोदोसिस माझा शाळासोबती. अर्धं त्यानं सांगितलं, अर्धं तिनं. दार लोटून घ्या रे कोणीतरी. हां.

रात्र सांगतो. सन दोन हजार चोवीस, तीन मे. गुड फ्रायडे.

त्या दिवशी आपल्याकडे कोणी खिळा ठोकत नाही, कुदळ उचलत नाही. म्हणून ईस्टरला यहूदाचा पुतळा जाळतात त्या होळीचा खांब रोवायचं काम शनिवार सकाळवर ठेवलेलं. होळी नेहमी शाळेमागच्या मोकळ्या जागेत व्हायची. पण त्याच सोमवारी तिथं बास्केटबॉलसाठी काँक्रीट ओतलं होतं, म्हणून यंदा जागा बदलली. चर्चच्या मागं, भिंतीच्या कोपऱ्याशी, लाकडांचा डोंगर रचला होता. शेजारी जमिनीवर चुन्याची फुली. खांबाचा खड्डा तिथं.

आणि बुधवारीच आर्गिरोला जुन्या मास्तरांच्या वहीत एक फोटो सापडला होता.

मातीत अर्धा रुतलेला बॉम्ब. त्यामागं चर्चच्या भिंतीचा तोच कोपरा, तोच दिवा ठेवायचा कोनाडा. बॉम्ब जर्मन होता यात तिला शंका नव्हती. पण केवढा? लहान आणि मोठा, दोन्ही जाती दिसायला सारख्याच, एक दुसऱ्याच्या मापानं वाढवल्यासारखी. जर्मन बॉम्बच्या कुशीत एक गोल डोळा असतो, त्यावरून अंदाज घेता येतो. इथं त्या डोळ्यावर चिखलाचा लोंदा. मापाला दुसरं काही नाही. फक्त फोटोच्या कडेला, बॉम्बला टेकून, घोट्यापासून खाली एक अनवाणी पाय. चिखलानं माखलेला.

बॉम्बची रुंदी म्हणजे तो पाय आणि वर पाव पाय. एवढंच कळत होतं.

रात्री चर्चची मिरवणूक आटोपली. मामीनं कॉफीचा थर्मास आणि घोंगडी तिच्या हातात दिली. मामा होळीवर राखण करत होता. वरच्या आळीची पोरं रात्री येऊन दुसऱ्याची होळी आधीच पेटवतात, म्हणून.

मामा गाडीच्या फळीवर बसला होता.

"कोण? टाकीबाई? बरं झालं बोललीस, काठी उचललीच होती."

"मी कुठं बोलले?"

"थर्मास बोलला. दे इकडं."

ती त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "उद्या किती वाजता खणणार?"

"सातला. मी आणि माझी दोघं पोरं. पहार काढून ठेवलीय."

"मामा, त्या फोटोतला पाय..."

"झालं सुरू! अगं, तो माझ्या बापाचा पाय. सात वर्षांचा होता तो. मरेपर्यंत सांगायचा, मास्तरांनी माझ्या पायाचा फोटो काढला म्हणून."

"पायाचा का? तोंडाचा का नाही?"

"तोंड पाहिलंयस त्याचं?"

दोघं हसले. तिचं हसू लवकर थांबलं.

"पाय सात वर्षांच्या पोराचा असेल, तर बॉम्ब एवढा." तिनं वीत दाखवली. "घंटेएवढा. म्हणजे तुम्ही म्हणता तेच खरं. फोटोतलाच काढला, रिकामा केला, टांगला. खाली काही नाही. पण पाय मोठ्या माणसाचा असेल तर..." तिनं दोन्ही हात लांब केले. "तो घंटेचा नव्हे. घंटा कुठल्या तरी दुसऱ्या बॉम्बची. हा इथंच आहे. फुलीखाली. आणि तुम्ही त्याच्यावर पहार घालणार."

मामानं कॉफी खाली ठेवली.

"आणि पुन्हा टाकी निघाली तर? ईस्टरची होळी नाही. पोरं रडणार. लोक तुझ्या मामीला चुलीपाशी सुखानं बसू देणार नाहीत."

"माझी पोरं असती तर मी..."

"माझीच आहेत ती!" मामा ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पोरी. पण गेलेल्या बापाचा शब्द खोटा पाडायचा तर माझ्या हातात काहीतरी दे. फोटोकडे बघून डोळे मोठे करतेस, तेवढ्यानं नाही होत."

तिच्याकडे द्यायला काही नव्हतं.

ती निघाली तेव्हा मोबाईलवर एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चर्चपासून मामाच्या घरापर्यंत रस्ता दोनशे पावलांचा. मधे शाळा. चंद्र नव्हता. मोबाईलचा दिवा तिनं खाली धरला होता, आणि मनात एकच हिशेब फिरत होता. पोराचा पाय... माणसाचा पाय... पोराचा...

शाळेच्या कुंपणापाशी तिला मागं कोणीतरी चालताना ऐकू आलं.

मामा असेल, असं वाटलं. पण मामा रबरी बूट घालतो. हे वेगळं होतं. एक पाय वाजायचा. दुसरा वाजायचा नाही, नुसता जमिनीला टेकायचा. बुटाचा पाय, अनवाणी पाय. बुटाचा. अनवाणी.

ती थांबली.

ते थांबलं.

"वरच्या आळीचे का रे?" तिनं विचारलं. आवाज मोठा काढायचा होता. निघाला लहान.

...

"मामा?"

...

ती चालू लागली. ते चालू लागलं. आता जवळ. मागं वळायचं नाही, असं तिनं ठरवलं. आणि वळली.

दिव्याच्या उजेडात रस्ता. कुंपण. कोणी नाही.

मग आवाज बाजूला झाला. रस्ता सोडून, कुंपणाच्या आत. काँक्रीटवर. बूट वाजायचा बंद झाला. फक्त अनवाणी पाय. एक... एक... एकच, उड्या मारत गेल्यासारखा.

मग तोही नाही.

पळावं. घर शंभर पावलांवर. मामीच्या खिडकीत उजेड होता.

ती कुंपणाच्या आत गेली.

का गेली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मला म्हणाली, काका, मला पाय बघायचा होता.

पांढरं, कोरं काँक्रीट. दिवा फिरवला. या टोकाला काही नाही. त्या टोकाला काही नाही. मधोमध...

एक ठसा.

अनवाणी. खोल. बोटांसकट.

तिनं शेजारी अंगठा दाबला. काँक्रीट दगडासारखं. सोमवारी ओतलेलं. बुधवारी पोरं त्याच्यावर चेंडू खेळली होती, तिनंच पाहिली होती.

गुडघ्यांवर बसली. मोबाईलवर फोटो उघडून ठशाशेजारी धरला. ठशातली करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. फोटोत त्याच जागी एक गाठ होती. बुधवारपासून ती त्या गाठीला चिखल समजत होती.

खिशातून टेप काढली. मोजलं.

साडेएकोणतीस सेंटिमीटर.

सात वर्षांच्या पोराचा एवढा पाय नसतो.

तिनं पाव भाग वर धरला. सदतीस. पुन्हा केला. सदतीस. ही मोठ्या जातीची रुंदी, अडीचशे किलोवाल्याची. पुस्तकात असते तीच.

मागं कोणीतरी श्वास सोडला. अगदी कानाजवळ. दमलेला माणूस बसायला जागा मिळाल्यावर सोडतो, तसा.

ती वळली नाही.

...

किती वेळ तशी होती, कोण जाणे. कोंबडा आरवला तेव्हा ती उठली. लष्कराच्या बॉम्बपथकाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "टाकीवाल्या बाई का?" ती म्हणाली, "हो, त्याच." पथक दुपारपर्यंत निघेल, असं तो म्हणाला. तिनं आणखी काही मागितलं नाही. तशीच चर्चमागं गेली आणि चुन्याच्या फुलीवर मांडी घालून बसली.

सातला मामा आला. मागं दोघं पोरं, एकाच्या खांद्यावर पहार. त्यांच्या मागं निम्मं गाव.

"ऊठ."

"नाही."

"आर्गिरो, गाव बघतंय."

"बघू दे. टाकी निघाली तर मी स्वतः दारोदार जाऊन शिव्या खाईन. पण आज इथं पहार पडणार नाही. पडायचीच असेल तर माझ्यावर पडेल." मग हळू म्हणाली, "मामा, शाळेमागं जाऊन या. टेप घेऊन जा. फोटोही न्या."

कोणीतरी खिदळलं. मामा गेला.

परत यायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा टोपी हातात होती.

"फोटोतल्यासारखा उजवाच आहे," तो म्हणाला. "एकच. त्याच्या मागं पाऊल नाही. पुढं पाऊल नाही."

"माहीत आहे."

"कोण होता गं?"

ती फुलीवरून हलली नाही.

मामानं पोराच्या खांद्यावरची पहार काढून घेतली. सगळ्या गावासमोर वाकला आणि ती जमिनीवर ठेवली. हळू... हळू... मातीला कळू न देता.