प्रत नवी असेल तर

माझ्या पत्नीची नाडी गेली तीन वर्षे मी रोज सकाळी मोजतो आणि लॅपटॉपवरच्या एकाच फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या नोंदी पाहूनच डॉक्टर तिच्या हृदयाच्या गोळीचे प्रमाण ठरवतात. गेल्या महिन्यात लॅपटॉप दोन दिवस सुरूच झाला नाही. फाइलची दुसरी प्रत कोठेही नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

मेहुणा एका महाविद्यालयातले संगणक सांभाळतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली त्यानेच घातली. त्याने संपूर्ण यंत्राची प्रत घेणारी एक पद्धत सुचवली आणि दूरच्या सर्व्हरवर प्रत ठेवणारी दुसरी. मी दोन्ही नाकारल्या. जी पद्धत मला एका वाक्यात सांगता येत नाही, तिच्यावर मी विसंबत नाही. अखेर एक बाहेरची डिस्क आणि एकच आज्ञा ठरली : मूळ फाइलींत जे बदलले असेल, तेवढेच प्रतीत उतरावे. तिला मी एक अट जोडायला लावली : प्रत मुळापेक्षा नवी असेल, तर तिला हात लावू नये.

"भाऊजी, डिस्क तुमच्या खणात, किल्ली तुमच्या खिशात. प्रत नवी होईलच कशी?"

"होणारच नसेल, तर अट असून बिघडतं काय?"

त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "ताई, ह्यांच्याशी संसार केलास तरी कसा?"

"वाद न घालता," ती आतून म्हणाली.

आठ दिवस सारे सुरळीत चालले. नवव्या सकाळी आज्ञा दिल्यावर पडद्यावर एकच ओळ उमटली : नोंदींची फाइल वगळली, प्रत नवी आहे.

मी लॅपटॉपचे घड्याळ तपासले. ते अचूक होते. डिस्कवरची प्रत उघडली. तिच्यात उद्याच्या तारखेची एक ओळ होती : नाडी ७४, झोप बरी, चहा अर्धाच घेतला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत मोजू लागलो. एकदा मोजले, पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर.

"आज काय दोनदा?" तिने विचारले आणि अर्धा भरलेला कप बाजूला सारला.

मेहुण्याला फोन केला. "त्यात काय एवढं? अट काढा, प्रतीवर मूळ फाइल चढवा," तो म्हणाला. मी खण उघडला. डिस्क आदल्या दिवसापासून कशालाही जोडलेली नव्हती, तरी हाताला कोमट लागली.

अट काढण्यापूर्वी प्रत शेवटपर्यंत वाचावी, असे मी ठरवले. तिच्यात आता पुढच्या तारखेची एकच ओळ नव्हती, अनेक होत्या. मी तारखांमागून तारखा उतरत गेलो. प्रत्येक ओळ उघडताना वाटे, तिची हीच शेवटची नोंद असेल.

एकोणीस तारखेपर्यंत ओळी माझ्या होत्या.

वीस आणि एकवीस कोऱ्या होत्या.

बावीसला लिहिले होते : "आज माझी मीच मोजली. ८४ आली. ह्यांच्या खुर्चीत बसून लिहितेय. खुर्ची फार उंच आहे."

तिने संगणकाला आजवर बोटही लावलेले नव्हते.

त्यापुढे तिच्याच नोंदी होत्या. ८१. ७९. ७६. महिने उलटत होते, वर्ष उलटत होते. मी वाचायचे थांबवले, तरी त्या संपल्या नव्हत्या.

अट काढण्यासाठी उचललेला हात मी मागे घेतला. प्रत पुसली, तर हेही सारे पुसले गेले असते.

आज आठ तारीख. सकाळी मी टेबलाशी दुसरी खुर्ची ओढली आणि तिला हाक मारली.

"मला कशाला शिकवताय? तुम्ही आहात की."

"बस तर खरी. हे बोट इथे. हं, आता तारीख."

तिने एकेक कळ शोधत तारीख लिहिली, नाडी लिहिली आणि स्वतःशीच हसली.

"अहो, पण एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर?"

"दोन दिवस चालतील," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी मात्र लिही."