बाराव्या दिवसाचं पीठ

बसा मॅडम, लाईट काय आता येत नाय. धुकं उतरलं की आमच्या वाडीची लाईट पयली जाते आणि सगळ्यांच्या शेवटी येते. चिमणी लावलीय, तेवढा उजेड पुरे आपल्याला. तुम्ही मघाशी विचारलंत ना, ह्या खोलीत आधी कोण राहायचं? सांगते. भिऊ मात्र नका. बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवते मी, खोटं बोलायची सवय नाय. एकदाच बोलले, आणि त्याचीच ही गोष्ट.

इथं भिंगारदिवे गुरुजी राहायचे. नगरकडचे, ख्रिस्ती माणूस. तिशीत आमच्या शाळेवर आले आणि रिटायर झाले तरी गेले नाय. वाडीतल्या अर्ध्या माणसांना त्यांनीच अक्षर शिकवलेलं, म्हणून वाडीनं ही खोली त्यांच्या नावावर सोडली. त्यांची बायको सुवार्ताबाई. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. पोरगी रूपाली, पुण्याला बँकेत. सोन्यासारखी माणसं, पण चार वाजले की दोघांच्या अंगात यायचं.

चार वाजता गवती चहा उकळायचा, गुरुजी त्या वेताच्या खुर्चीत बसायचे, बाई उंबऱ्यावर, आणि वाद सुरू. मला आधी वाटलं घरातलं भांडण, म्हणून दोनदा मधे पडले. मंग कळलं, भांडण आत्म्याचं. माणूस मेल्यावर आत्मा राहतो का संपतो?

त्यांच्या शास्त्रात एक ओळ हाय म्हणे. अर्ध्या ओळीत लिवलंय, माणसं कुडी मारतील, आत्मा त्यांना मारता येत नाय, तवा माणसांना भिऊ नका. ती अर्धी बाईंची. उरलेल्या अर्ध्यात लिवलंय, कुडी आणि आत्मा दोन्ही जो संपवू शकतो त्याला मात्र भ्या. ती अर्धी गुरुजींची. एका ओळीवर चौतीस वर्षं संसार केला दोघांनी.

गुरुजी बोलायचे, "ज्याचा नाश होऊ शकतो ते अमर कसं? अमर एकटा देव. माणूस म्हणजे माती आणि त्यावर देवाची फुंकर. फुंकर काढून घेतली की माणूस झोपला. शेवटच्या दिवशी देव उठवील तेव्हा उठायचं. मधे काही नाही, स्वप्नसुद्धा नाही."

"देवानं फुंकलेलं विझत नाही," बाई बोलायच्या. "गेलेला माणूस तिकडे जागा असतो. चांगला असो, वाईट असो."

"वाईटाला कायमचा जागा ठेवून भाजत बसणारा देव मला नको. तो त्याला संपवील आणि मोकळा करील. तेवढी दया त्याच्यात आहे."

मी एकदा बोलले, "आमच्यात असली भानगड नाय. आमचे मेलेले भादव्यात जेवायला येतात आणि वड्यात मीठ कमी असलं तर कावळा शिवत नाय." दोघं एवढी हसली, एवढी हसली, चहा सांडला.

तेव्हाच पैज लागली. गुरुजी बोलले, "सुवार्ता, मी आधी गेलो आणि तुझं खरं निघालं, तर येईन आणि हार कबूल करीन. माझं खरं असलं तर येणारच नाही. काय समजायचं ते समज." मी मनात बोलले, वा रे पैज. जिंकले तर जिंकलो म्हणून सांगायलाच हा माणूस उरायचा नाय.

मागल्या भादव्यात गुरुजी गेले. चार वाजता, ह्याच खुर्चीत. बाईंनी काहीतरी सवाल केला, गुरुजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. मी दारातच होते, हातात कोथिंबीर. बाई दोन मिनटं उत्तराची वाट बघत बसल्या. मंग माझ्याकडं वळून बोलल्या, "ठमा, हे गप्प का झाले गो?"

पुरायची पेटी महाडहून आणली. महमूदमियांनी केली. तो दारं-खिडक्या करणारा माणूस, पेटी कधी केलेली नाय. घाईत, हाताच्या सवयीनं, झाकणाला बाहेरून झकास पितळी कडी लावून मोकळा झाला. रूपाली चिडली, काढा बोलली. बाई बोलल्या, "राहू दे गो. मधेच वाद घालायला उठले तर उपयोगी पडेल." रडता रडता माणसं हसली. तसंच आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला नेलं, तिथं त्यांची दफनभूमी हाय.

मंग मात्र बाई गप्प झाल्या. रूपाली त्यांना पुण्याला न्यायला बसलेली, बाई आज नको उद्या करत होत्या. चार वाजता दोन कप चहा करायच्या आणि त्या खुर्चीकडं बघत राहायच्या. अकराव्या दिवशी माझा हात धरला. बोलल्या, "ठमा, मी जिंकले असते तर ते एव्हाना आले असते. शब्दाचा पक्का माणूस. आले नाहीत म्हणजे त्यांचंच खरं. म्हणजे ते आता कुठेच नाहीत गो. वर नाहीत, खाली नाहीत. शेवटच्या दिवसाला किती वर्षं आहेत कुणाला ठाऊक? चौतीस वर्षं मी हौसेनं भांडले. ह्या एका वेळेला मला खरोखर जिंकायचंय."

मी बोलून गेले, "बाई, आपण पीठ ठेवूया."

आमच्यात बाराव्याच्या रात्री ठेवतात. माणसानं जिथं प्राण सोडला तिथं परातीत तांदळाचं पीठ सारखं करायचं, शेजारी दिवा, वरून टोपली झाकायची. सकाळी टोपली काढली की पिठात पाऊल उमटलेलं असतं. बोटं दाराकडं असली तर माणूस मोकळा झाला. आत वळलेली असली तर जीव घरात अडकला.

"आमच्यात मेलेल्यांना बोलवायची मनाई आहे," बाई बोलल्या.

"बोलवतंय कोण? आपण नुसतं पीठ ठेवायचं. यायचं का नाय ते त्यांचं ते बघतील."

रूपालीनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पीठ घेऊन आले तर बाईंनी स्वतःच चाळण पुढं केली. "चाळून घे. गुठळ्या त्यांना आवडत नाहीत."

तिघी ह्याच खोलीत झोपलो. बाई खाटेवर, रूपाली आणि मी खाली. खुर्ची सरकवून तिच्याच जागी परात ठेवली. बाहेर धुकं एवढं दाट, की खिडकीच्या फटीतून आत येताना दिसत होतं. रातकिडेसुद्धा गप्प. पागोळ्यांचा तेवढा आवाज... टप्... टप्...

पहाटे मला जाग आली. दिवा बारीक झालेला. आणि मॅडम, गवती चहाचा वास येत होता. ताजा, उकळता. चूल तर थंडगार. मी मनाला बोलले, ठमाबाई, चौतीस वर्षांचा वास हाय, भिंतीत मुरलेला, गप पड. पण झोप काय येईना. डोळ्यांपुढं एकच येत होतं, सकाळी टोपली निघणार आणि खाली पीठ कोरं असणार. बाईंचं तोंड मला बघवलं नसतं.

गोकुळाष्टमीला कृष्णाची पावलं काढतो ना आपण? मूठ वळून कडेनं दाबायची, वर बोटांनी पाच टिकल्या. मी सरकत सरकत परातीकडं गेले, टोपली तिरकी केली आणि दाबली मूठ. बोटं दाराकडं ठेवली, गुरुजी मोकळे झाले असंच दिसू दे. एवढंच पाप केलं. टोपली ठेवतेय तोच मागं खुर्चीचा वेत वाजला. माणूस बोलायला पुढं वाकला की वाजतो ना, तसा. कर्र...

मी मागं बघितलं नाय. बघायचं नाय असं आईनं शिकवलंय. हातरुणात येऊन पडले, तोंडावर गोधडी घेतली, आणि खरं सांगते, भीतीनंच झोप लागली.

सकाळी तिघी परातीभोवती बसलो. बाईंनी टोपली उचलली. मी चेहरा तयार करून बसलेले, आश्चर्य वाटल्यासारखा.

पीठ कोरं. एक रेघ नाय. माझी मूठ कुठं गेली? बोलायची चोरी, कोणाला विचारू? मला वाटलं, पोरांची कॉपी पकडणारा माणूस तो. आला आणि पुसून गेला.

बाई शांत होत्या. पिठाकडं बघत बोलल्या, "आले नाहीत. ठीक आहे. शेवटी त्यांचंच खरं निघालं." मंग उठून पुण्याला न्यायच्या साडीची घडी घालायला लागल्या. मी तिथंच बसून राहिले. सांगावं तर माझी लबाडी उघडी पडते. न सांगावं तर बाई हरून जातायत.

नऊ वाजता आमच्या वाडीतल्या गणूची जीप आली. सगळी वाडी गोळा झाली, कोणी तांदूळ दिले, कोणी आंबोशी. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. रूपाली मागं खिडकीशी बसली, बाई दुसऱ्या खिडकीशी, मधे बॅग. बाईंनी मला खुणेनं जवळ बोलवलं.

"ठमा, रागावू नको. पहाटे तू पाऊल काढलंस ते मला कळलं. तू घोरायची थांबलीस तेव्हाच मी जागी झाले. तू परत झोपलीस तेव्हा उठून टोपली काढली आणि पुसलं. मला हवं तर होतं गो... पण खोटं नको होतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले. "बाई, अहो सकाळपासून माझा प्राण कंठाशी आला होता. मला वाटलं गुरुजींनीच पुसलं."

बाईपण हसल्या. डोळ्यांत पाणी, पण हसल्या. "वेडी कुठली. आणि एवढी हौस कशाला? एक काढलंस ते पुरे होतं. दोन दोन कशाला काढायची?"

"दोन?"

"एक चिमुकलं, मुठीचं. आणि त्याच्या शेजारी ते मोठं. तुझा पाय ठेवला होतास ना परातीत? माझा तळहात पुरेना पुसायला."

"बाई... मी एकच काढलं."

गणूनं हॉर्न दिला. आम्हा दोघींना ऐकू आला नाय. बाईंनी आपला उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडं बघत राहिल्या.

"मोठ्याची बोटं कुठं होती?" मी विचारलं.

"आत." बाईंचे ओठ हलले तेवढेच. "ठमा, ते आले होते. आणि मी पुसलं... माझ्या हातानं पुसलं."

"पुसलं म्हणून काय झालं? उमटलं होतं ना?"

मंग जे हसू आलं बाईंना, लग्नाच्या पोरीला येतं तसं. "म्हणजे आता काय खरं धरायचं? आले म्हणून मी जिंकले, का पुसले गेले म्हणून ते? भांडण काही मिटत नाही बघ." दार उघडून खाली उतरल्या. रूपाली ओरडली, "मम्मी, उशीर होतोय." बाईंनी ऐकलं नाय. कुलूप काढलं, हे दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभ्या राहून आत बोलल्या, हाक मारतात तशा सरळ आवाजात, "अहो, मी पुण्याला निघाले. वाद अर्धाच राहिलाय. यायचं तर या, नाही तर बसा झोपून."

दार धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी थांबतो ना आपण, तेवढा वेळ. मंग कुलूप लावलं, जीपमधे बसल्या, मधली बॅग उचलून मांडीवर घेतली. मला हात केला. जीप धुक्यात गेली.

म्हणून सांगते मॅडम, ही खोली रिकामी हाय. खुशाल झोपा. त्या पिठाचे मी घावणे केले, वाया कशाला घालवायचं? चांगले झाले.

तिसऱ्या दिवशी गणू पुण्याहून आला तो सरळ माझ्या पडवीत येऊन बसला. गणू म्हंजे कसा, घाटात ट्रक समोर आला तरी गाणं न थांबवणारा माणूस. पाणी मागितलं. बोलला, "काकी, बाई सगळी वाट भांडत होत्या. हळू आवाजात. सवाल विचारायच्या, मंग गप्प राहायच्या, मंग हसायच्या. त्याचं काय नाय, म्हातारं माणूस बोलतं एकटं. पण काकी... रूपालीताईला आंबेनळीत झोप लागली. बारा दिवसांची जागी पोरगी, मेल्यासारखी झोपली. मी आरशात बघितलं तर मान मधल्या सीटकडं कललेली. बाई त्या टोकाला खिडकीशी, बॅग मांडीवर. मधे कोण नाय. एवढी वळणं, एवढे खड्डे, बाईपण आपटत होत्या. ताईचं डोकं तेवढं एका जागी होतं. खाली पडलं नाय, हललंसुद्धा नाय."

"मंग तू काय केलंस?"

"आरसा वर फिरवला," गणू बोलला. "आणि गाडी सावकाश घेतली. पोरगी उठू नये म्हणून."