अण्णा ‘येतो’ म्हणाले होते

मेघना एकदा नवस बोलली होती आणि तो फळला नाही, असं तिला वाटत होतं. कार्तिकात तिच्या सासऱ्यांना, श्यामकांतअण्णांना, धाप लागली. दवाखान्यात हलवायचं ठरलं तेव्हा ती देवापुढे हात जोडून म्हणाली, ‘गजानना, अण्णांना घरी परत आण. एकवीस संकष्ट्या निर्जळी करीन.’ अण्णा तिसऱ्या दिवशी वॉर्डातच गेले. न फळलेला नवस फेडायचा नसतो. देवाचंही काही कारण असेल, असं म्हणून ती गप्प राहिली.

संक्रांत होऊन गेली. चंदीगडचं धुकं भर दुपारीसुद्धा सरकारी क्वार्टरच्या खिडक्यांना चिकटून बसलेलं असायचं. मागच्या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागे. तिथे अण्णांचा कॉम्प्युटर होता. ज्ञानदा, तिची मुलगी, त्याच्यावर एमएस्सीचा प्रबंध लिहीत होती, आणि पंधरा दिवसांपासून तो कॉम्प्युटर मनाला येईल तेव्हा बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत होता.

दुरुस्तीला बलकारसिंगजी पिंजौरहून बसने यायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पगडीवरून मफलर, हातात पितळी डब्यासारखी हत्यारांची पेटी. त्यांनी पंख्यातली धूळ काढली, मेमरीच्या पट्ट्या बदलून पाहिल्या, वीजपुरवठ्याचा डबाच नवा बसवला. दुसऱ्या खोलीतून वायर ओढून पाहिली. काही फरक नाही. शुक्रवारी सकाळी तर तो सुरूच होईना. पंखा अर्धी घिरटी घेई आणि थांबे.

“डिस्क निकालकर दूसरी मशीन में लगाइए ना, अंकल,” ज्ञानदा रडकुंडीला येऊन हिंदीत म्हणाली. “पाच बजे तक जमा करना है. नहीं तो पूरा साल गया.”

“लगाई थी, पुत्तर. तेरे दादाजी ने ताला डाल रखा है. इसी डिब्बे में खुलेगी, और कहीं नहीं.” त्यांनी पेटी बंद केली. “मशीन में कोई खराबी नहीं है, भाभीजी. चालीस साल यही काम किया है. खराबी होती तो मिल जाती. अच्छा जी, चलता हूँ.”

ज्ञानदा गाईडच्या पाया पडून मुदत मागायला विद्यापीठात पळाली. “बाय मम्मा.” दार आपटलं. घर शांत झालं.

मेघना दिनदर्शिकेपुढे उभी राहिली. उपासतापास, दुधाच्या पिशव्या, सगळं ती त्या चौकोनांत लिहायची. कॉम्प्युटर कधी बंद पडला तेही लिहीत आली होती, बलकारसिंगजींना सांगायला बरं. नऊ दहा. नऊ दहा. नऊ बारा. रोज सकाळी नऊ दहाला तिचा नवरा, सुबोध, ऑफिसला निघायचा. एका मंगळवारी मात्र संध्याकाळीही, पावणेसहाला. त्या दिवशी हळदीकुंकवाला मराठी मंडळातली लीना आली होती. वाण पदराखाली घेऊन उठली ती पावणेसहालाच... आणि रविवारचे चौकोन कोरे. रविवारी कुणी कुठे जात नसे.

ज्ञानदा तर दिवसातून चारदा बाहेर जायची. तिच्या जाण्याने कधी काही झालं नव्हतं.

मेघनाच्या हातातलं पेन थांबलं. सुबोध काय म्हणतो निघताना? “येतो गं.” लीना काय म्हणाली? “येते हं, वहिनी.” आणि ज्ञानदा म्हणते बाय.

ती मागच्या खोलीच्या दारात गेली. आत गार हवेत कापराचा आणि अण्णांच्या छातीला चोळायच्या मलमाचा वास होता. मलमाची बाटली तिने तेराव्यालाच टाकली होती. कॉम्प्युटर मुका होता. ती अगदी हळू, स्वतःला ऐकू येईल न येईल असं म्हणाली,

“येते...”

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा उजळला, आणि अर्ध्यावर येऊन विझला.

“येते,” ती पुन्हा म्हणाली. पुन्हा तसंच. कुणी धापा टाकत जिना चढून यावं, उंबऱ्याशी थांबावं आणि दम न पुरून मागे फिरावं, तसं.

मग तिला तो दिवस आठवला. लिफ्टपाशी चाकाची खुर्ची आणलेली. अण्णांनी चौकटीला हात टेकला आणि म्हणाले, “चला सूनबाई, जातो.” आणि ती नेहमीच्या सवयीने बोलून गेली होती, “अण्णा, जातो म्हणू नये. येतो म्हणावं.” त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. हसले. उभ्या जन्मात दिलेली वेळ न चुकवलेला माणूस तो. म्हणाले, “बरं बाई. येतो. येतोच.”

तिने शब्द घेतला होता त्यांच्याकडून. वर देवालाही गळ घातली होती... घरी परत आण. देवाने ऐकलं होतं. नवस फळला होता. कळलं नव्हतं ते तिलाच.

किती दिवस ते ये-जा करत असतील? घरातलं माणूस ‘येतो’ म्हणालं की त्यांना आपला शब्द आठवत असेल, आणि निघत असतील बिचारे, त्या धापेसकट.

घड्याळात अडीच वाजले होते. तिला मुलीचं वर्ष दिसत होतं, आणि तो एक शब्दही दिसत होता, जो त्या घरात निघणाऱ्या माणसाला कुणी कधी म्हटला नव्हता. तो उच्चारला की अण्णा सुटतील. पण मग सुटलेच. पुन्हा पंख्याची घिरटीसुद्धा नाही.

तिने पदर डोक्यावरून घेतला. कॉम्प्युटरपुढच्या अण्णांच्या खुर्चीला वाकून नमस्कार केला.

“अण्णा, माझं चुकलं. तुम्ही आलात, पोचलं ते. आता... आता जा तुम्ही.”

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. खिडकीबाहेर धुकं तेवढं सरकत होतं. मग कॉम्प्युटर सुरू झाला, एकदम गुमान, नव्यासारखा. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. मलमाचा वास हवेतून निघून गेला, कुणी दार ओढून घ्यावं तसा.

तिने मुलीला फोन केला. ज्ञानदा साडेतीनला धावत आली, प्रबंध उघडला, पेनड्राइव्हवर घेतला, तिथूनच पाठवूनही दिला. पावणेपाचला विद्यापीठाची पोच आली. तिने आईच्या गळ्यात हात टाकले. मग पडद्याकडे वळून थबकली.

“मम्मा, ये आपने टाइप किया?”

“मला कुठे येतं टायपिंग?”

“कुछ मराठी में है. फाइल के पीछे खुला था.” ज्ञानदाने अक्षरं लावत सावकाश वाचलं. “कु... ठे. ‘कुठे?’ बस इतना ही. किसने पूछा?”

जा म्हणाली होती मेघना. पण कुठे, ते तिला तरी कुठे माहीत होतं?

एकवीस संकष्ट्या तिने सुरू केल्या आहेत, निर्जळी. कॉम्प्युटर आता कधी बंद पडत नाही. सुबोध सकाळी “येतो गं” म्हणतो आणि मागची खोली गप्प असते. पण त्या शुक्रवारपासून ती आणखी एक व्रत करते. तिन्हीसांजेला बाल्कनीत एक पणती लावते, दक्षिणेकडे तोंड करून, अण्णांना पुढची वाट दिसावी म्हणून. सकाळी बघायला जाते तेव्हा पणतीचं तोंड घराकडे वळलेलं असतं. वाऱ्याने वळते, असं सुबोध म्हणतो. ती तेल घालून पुन्हा बाहेरच्या बाजूला करते. आज ना उद्या सापडेल त्यांना वाट, यावर तिचा विश्वास आहे.

मंडळातल्या बायकांना मात्र ती हात धरून सांगते, “एकटीचा उजेड पुरत नाही गं. तुमच्याही घरातून कुणीतरी गेलेलं असेलच. तुम्हीही लावा एक पणती, बाहेर तोंड करून. आणि सकाळी कुणी उठायच्या आत... तुम्ही स्वतः जाऊन बघा, तोंड कुठे वळलंय ते.”